एक्सलच्या पोटातल्या रेषा

सन एकोणीसशे एक्क्याण्णव. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो, आणि लोखंडातलं मला न कळणारं काही उरलेलं नाही अशी माझी खात्री होती. शाळा तिसरीपर्यंत. पुढं गुरुजींचं आणि माझं पटलं नाही. हे मी लिहितोय ते नातसून नीट उतरवून देते म्हणाली. तिला सांगून ठेवलंय, वेलांट्या तुझ्या, म्हणणं माझं. त्याला हात लावायचा नाही.

बिबवेवाडीत माझी पत्र्याची शेड होती. मार्केटयार्ड हाकेच्या अंतरावर. गाळ्यावर माल उतरवला की टेंपोवाले, ट्रॅक्टरवाले सरळ माझ्याकडं यायचे. स्प्रिंगचा पाटा तुटला, चेसी तडकली, एक्सल झिजला, सगळं माझ्याकडं. वेल्डिंगवाले आसपास आणखीही होते, पण त्यांच्याकडून काम करून घेतलेले लोक वर्षाच्या आत माझ्याकडं येत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. गिऱ्हाइकानं शंका काढली की मी एकच सांगायचो, "लोखंड तुटेल, माझं वेल्डिंग तुटणार नाही."

दिवाळी होऊन गेली होती. सोमवारी सकाळी शेडसमोर एक छोटा ट्रॅक्टर येऊन थांबला. अठरा घोड्यांच्या ताकदीचा, मोठ्या ट्रॅक्टरशेजारी उभा केला तर वासरू वाटावं असा. वरून एक बाई उतरली. तिशीतली, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, डोक्याला टॉवेल. मी तिच्या मागं पाहिलं.

"कोण घेऊन आलं?" मी विचारलं.

"मीच की. दुसरं कोण दिसतंय का?"

वाघोलीहून आली होती. येरवडा, स्टेशन, स्वारगेट, सगळी गर्दी कापत, आणि मागचं डावं चाक लटपटत असताना. तो लटपटाट मी हातानं चाक हलवून पाहिला. दोन बोटं हलत होतं चाक. चांगले चांगले ड्रायव्हर अशी गाडी रस्त्याच्या कडेला सोडून चालत येतात. ही बाई अठरा-वीस किलोमीटर चालवत आली आणि वर मला विचारते, "पाणी हाय का प्यायला?"

ट्रॅक्टर मी ओळखला. दोन वर्षांपूर्वी तिचा सासरा हाच ट्रॅक्टर घेऊन आला होता, तेव्हा उजवा एक्सल झिजलेला होता आणि तो मीच भरून दिला होता. आता सासऱ्याचे गुडघे गेले, नवरा कारखान्यात पाळीला, म्हणून चालवायचं तिच्यावर आलं. शिकवलं कोणी, म्हणून विचारलं तर म्हणाली, "बघून बघून."

मग तिनं जे सांगितलं ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. तिचं रान वाघोलीच्या दगडखाणींच्या पलीकडं. मेथी, कोथिंबीर, शेपू. तिथून नगर रस्त्याला यायला एकच वाट, ती खाणीच्या कडेकडेनं. ट्रॉलीच्या रुंदीएवढी वाट, एका बाजूला बांध आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. रोज सकाळी ट्रॉलीत भाजी, भाजीवर कामाच्या चार बाया, पुढं ही. सहा-साडेसहाला रस्त्यावर मार्केटयार्डचा टेंपो येतो, तो कोणासाठी थांबत नाही.

"मिस्त्री, खाणीकडनं जाताना उजवीकडं बघत न्हाई मी," ती म्हणाली. "बघितलं की ट्रॅक्टर बी तिकडंच वळतो. तवा चाक नीट करा. पाच जणी हायेत वर."

"ताई, उजवं चाक मी केलेलं आहे. दोन वर्षं झाली. हललं का?"

"न्हाई."

"मग झालं तर. शुक्रवारी सकाळी या आणि चालवत घेऊन जा."

ती बसनं परत गेली. तोवर भाजी डोक्यावरून न्यावी लागणार होती.

आता ज्यांनी ट्रॅक्टरचं मागचं चाक कधी उतरवलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वरून दिसतं ते रबर आणि लोखंडी तबकडी. तबकडी सहा बोल्टांनी हबला आवळलेली असते. हब म्हणजे चाकाचा मधला जाड गोळा. त्याच्या पोटात आतून दाते असतात, आणि एक्सलच्या टोकाला बाहेरून दाते असतात. दात्यात दाते बसतात आणि इंजिनाची सगळी ताकद त्या दात्यांतून चाकाला जाते. एक्सल केवढा? माझ्या मनगटाएवढा. ट्रॅक्टरचं ओझं, ट्रॉलीची ओढ, नांगराचा हिसका, खड्ड्याचा दणका, सगळं त्या मनगटावर. मी शेकडो एक्सल काढले असतील, पण तेल पुसून तो उजेडात धरला की दर वेळी मला वाटायचं, अरे, एवढ्यावर चालतं हे?

डाव्या एक्सलचे दाते म्हाताऱ्याच्या दातांसारखे झाले होते. निम्मे गेलेले, उरलेले हलणारे. दात ढिले झाले म्हणून चाक डोलायला लागलं, डोललं म्हणून बोल्ट ढिले झाले, आणि ढिल्या बोल्टांनी तबकडीची गोल भोकं घासून घासून लांबट केली. एका झिजेनं दुसरी झीज केली होती.

माझी पद्धत ठरलेली. झिजलेल्या भागावर रॉडनं वेल्डिंग भरत जायचं, थरावर थर, जाड होईपर्यंत. मग लाल झालेला एक्सल उचलायचा आणि पाण्याच्या टाकीत बुडवायचा. फुस्स करून वाफ निघायची. गिऱ्हाईक समोर असलं तर त्याला फार बरं वाटायचं. मलाही वाटायचं. मग भरलेला एक्सल टर्नरकडं न्यायचा, तो लेथवर घासून मापात आणायचा आणि दाते पाडून द्यायचा.

माझा नेहमीचा टर्नर त्या आठवड्यात लग्नाला गावी गेला होता. म्हणून गुरुवारी सकाळी मी तसाच भरलेला डावा एक्सल मोपेडवर पायांपाशी ठेवला आणि नाना पेठेत एका म्हाताऱ्या टर्नरकडं गेलो. सत्तरीचा माणूस, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा. सगळी पेठ त्याला चाचा म्हणायची. त्याच्या तीन पिढ्या त्याच बोळात गेल्या होत्या आणि त्याचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं. कामाची रांग त्याच्या दारात नेहमी असायची, पण मी आजवर गेलो नव्हतो, कारण तो बोलतो फार असं ऐकलं होतं.

एक्सल त्यानं हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि लेथकडं न जाता आढ्याच्या हुकाला सुतळी बांधली. सुतळीला एक्सल टांगला. मग लांब दांड्याची एक छोटी हातोडी घेऊन त्यावर हळूच एक टोला दिला आणि कान जवळ नेला.

"चाचा, मला दाते पाडून हवेत," मी म्हणालो.

"पाडू हो. आधी ऐकतो. ऐकल्याशिवाय मी लेथला काही लावत नाही."

"एक्सल आहे तो, तंबोरा नाही."

"तंबोरा परवडला, मिस्त्री. त्याची तार तुटली तर कोणी मरत नाही."

दुकानात बसलेले दोघं हसले. मला राग आला. चाचानं कोपऱ्यातला एक दुसराच गज टांगला आणि त्याला टोला दिला. टण्ण. आवाज निघाला तो घुमतच राहिला, मी दोन श्वास घेतले तरी संपेना. मग माझ्या एक्सलला टोला दिला. ठण. आणि संपलं.

"काय फरक वाटतो आपल्याला?" त्यानं विचारलं.

फरक मला कळला होता. पण मी म्हणालो, "वेल्डिंगचा थर आहे वर, म्हणून आवाज बसतो."

"असेल. आपण म्हणता तर असेलही."

तरुणपणी बारा वर्षं तो रेल्वेत होता, हे मला तिथं बसलेल्या एकानं सांगितलं. गाडी स्टेशनात थांबली की रुळाशेजारून चालत प्रत्येक चाकाला हातोडी मारायची, आवाज ऐकायचा आणि पुढं जायचं. एवढंच काम. हजारो माणसं वर डब्यात चहा पीत बसलेली, आणि खाली एक माणूस कानानं ठरवतो, ही गाडी जाईल की नाही. स्टेशनात ती ठोकाठोक मी लहानपणी पाहिली होती. वाटायचं, माणसं काहीतरी काम दाखवायला ठोकत असतात.

चाचानं एक्सलचं भरलेलं टोक रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवलं. चहा मागवला. चहा होईपर्यंत एक अक्षर बोलला नाही, बोलतो फार म्हणणारे खोटं बोलले होते. मग एक्सल काढला, चिंधीनं कोरडाठक्क पुसला, शाळेतला पांढरा खडू घेतला आणि सगळ्या टोकाला फासला. एक्सल भिंतीसारखा पांढरा झाला. मग लाकडी हातोड्यानं बारीक बारीक टोले.

"बघा आता. घाई नाही."

मी पाहत होतो. आधी काहीच नाही. मग पांढऱ्यावर एक ठिपका भिजला. मग शेजारी दुसरा. मग ठिपके जोडले गेले आणि केसासारखी काळपट रेघ उमटायला लागली. माझं वेल्डिंग जिथं संपत होतं त्याला अगदी लागून, कोणी सुईनं काढावी तशी. लोखंडात शिरलेलं रॉकेल भेगेतून परत वर येत होतं. मी भेग कधी पाहिली नव्हती असं नाही. पण न दिसणारी भेग स्वतः बाहेर येऊन आपलं नाव सांगते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. देवळात उभं राहावं तसा मी उभा होतो, पण मघाचा रागही गेलेला नव्हता.

"पाण्यात बुडवलात का?" चाचानं विचारलं.

"बुडवतोच मी. तीस वर्षं बुडवतोय."

"हे साधं लोखंड नाही मिस्त्री, हे चिवट पोलाद आहे. लाल असताना थंड पाणी दाखवलंत की काचेसारखं होतं. वेल्डिंग तसंच राहतं, शेजारचं पोलाद तडकतं. बाहेरून काही कळत नाही."

"असं असतं तर याच ट्रॅक्टरचा उजवा एक्सल कधीच गेला असता. तोही मीच भरलाय. दोन वर्षं पळतोय."

"मग तो आणा."

"आणतो," मी म्हणालो. "आत्ता आणतो."

इथं मला खरं लिहायचं आहे. त्या बाईची काळजी वाटून मी निघालो नव्हतो. चार माणसांत चाचाला खोटं पाडायचं, एवढंच डोक्यात होतं. मोपेड पळवत शेडवर आलो, जॅक लावला, उजवं चाक उतरवलं, भर उन्हात एकट्यानं एक्सल ओढून काढला. डाव्याइतका झिजलेला नव्हता. माझं वेल्डिंग तसंच्या तसं, घट्ट, वर एक टवका उडालेला नाही. मी तो फडक्यात गुंडाळला आणि जेवण न करता परत नाना पेठेत.

चाचानं तो सुतळीला टांगला आणि टोला दिला.

आवाज असा आला की ओल्या लाकडावर मारावं. थड. दुकानातलं कोणी हसलं नाही. चाचानं हातोडी खाली ठेवली. रॉकेल नाही, खडू नाही. एक्सल त्यानं मोठ्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, घट्ट आवळला, माझ्याकडं वळला आणि घण माझ्या हातात दिला.

"आपण मारा. मी मारला तर म्हणाल, म्हाताऱ्यानं तोडला."

मी पहिला घाव मारला. काही नाही. दुसरा मारला आणि हाताला काहीतरी चुकल्यासारखं लागलं. तिसऱ्या घावाला एक्सल मोडला. मनगटाएवढं पोलाद, माझ्यासारख्या माणसाच्या तीन घावांत. तुकडा फरशीवर पडून गडगडत माझ्या पायाशी आला. तो उचलून मी त्याच्या मोडलेल्या तोंडाकडं पाहिलं आणि जे पाहिलं ते आज ऐंशी ओलांडली तरी डोळ्यांपुढून जात नाही.

तोंडाचा बहुतेक सगळा भाग काळपट, गुळगुळीत, घासून मऊ झालेला. आणि त्यावर रेषा. शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा, एका कडेपासून निघालेल्या, एकामागं एक, बारीक, ओळीनं आत आत सरकत गेलेल्या. दुसऱ्या कडेला, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा मात्र पांढरा, साखरेसारखा चमकणारा. तेवढा आत्ता मोडला होता. बाकीचा कधीचाच मोडलेला होता.

चाचानं बोट त्या रेषांवरून फिरवलं. "भेग एकदम पळत नाही, मिस्त्री. ओझं आलं की थोडी सरकते, थांबते. परत ओझं आलं की परत सरकते. प्रत्येक थांब्याची खूण राहते. ही सगळी तिची रोजनिशी आहे बघा."

मला वाचायला फारसं येत नाही, पण ते मला वाचता आलं. ही रेष कोथिंबिरीच्या हंगामाची. ही पावसाळ्यातल्या चिखलाची. ही नांगरटीची. सकाळी सकाळी चार बाया मेथीवर बसलेल्या, पुढं ही, खाणीकडं न बघता चालवतेय, आणि खाली काळोखात, हबच्या पोटात, एक रेष पुढं सरकतेय. शेवटी नखाएवढ्या पोलादानं पाच जणींना धरून ठेवलं. किती दिवस धरलं असेल? त्या नखाला मी हात लावला. ते अजून गरम होतं. मनात आलं, आपण माणसं एवढी इमानी नाही.

आणि ज्या डाव्या चाकाच्या लटपटण्यानं ती माझ्याकडं आली, ते लटपटलं नसतं तर ती आलीच नसती. वाईट चाकानं चांगल्या दिसणाऱ्या चाकापासून तिला वाचवलं.

मी खाली बसलो. चाचानं पाणी दिलं. मग म्हणाला, "आपलं वेल्डिंग मात्र पक्कं आहे हो. मानलं. टवका नाही उडाला."

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर मी घण उचलला असता. चाचाला मी म्हणालो, "काय करू सांगा."

त्यानं सांगितलं. एक्सल भरायचे नाहीत, दोन्ही नवीन करायचे, चांगल्या पोलादाच्या गजातून. त्यांचे दाते तो स्वतः पाडून देणार, पण मंगळवारच्या आत नाही. हबचे दाते मी शेडवर बोटानं चाचपून पाहिले होते, ते चालणारे होते. तबकडीची लांबट भोकं मोठी करून त्यात गोल बुश, म्हणजे जाड लोखंडी कडी, बसवायचे आणि ते वेल्ड करायचे. "तबकडी साधी आहे, तिला वेल्डिंग सोसतं. तिथं दाखवा आपली करामत. आणि पाण्याची ती टाकी, तिच्यात तुळस लावा." हे सगळं त्यानं अहोजाहो करून सांगितलं. त्याच्या जागी मी असतो तर अरेतुरे केलं असतं.

निघताना मी मोडका तुकडा मागून घेतला. त्याला वाटलं मी लपवायला नेतोय. तसं तो म्हणालाही. मी तुकडा फडक्यात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ती ट्रॅक्टर न्यायला येणार होती. निरोप पाठवता आला असता, की काम लांबलंय, मंगळवारी या. गिऱ्हाइकाला आम्ही हेच सांगतो आणि गिऱ्हाईक तेच ऐकायला तयार असतं. पण मी तुकडा पिशवीत घातला आणि पहिल्या बसनं वाघोलीला गेलो. अंधारातच, विचारत विचारत, त्या खाणीच्या वाटेनं तिचं रानातलं घर सापडलं तोवर फटफटलं होतं. ती अंगणात पाट्या बांधत होती, चार बाया बांधाबांध करत होत्या. मला पाहून म्हणाली, "अगं बया, मिस्त्री घरपोच आले. ट्रॅक्टर कुठाय?"

मी तिला बाजूला बोलावलं आणि तुकडा हातात दिला.  एवढंच म्हणालो, "हा उजवा. दोन वर्षांपूर्वी मी भरलेला. चूक माझी झाली. हा काळा भाग तुटलेलाच होता. एवढ्या पांढऱ्यावर तुम्ही जात होता."

तिनं तुकडा उजेडात धरला. अंगठा त्या पांढऱ्यावर ठेवला, तो तिच्या नखाखाली पूर्ण झाकला गेला. 

"आम्ही पाच जणी?"

"हो."

"आणि दिसलं नसतं?"

"नसतं दिसलं. मलाही दिसलं नव्हतं."

तिनं बायांकडं पाहिलं आणि तुकडा पदराखाली घेतला. "ह्यांना बोलू नका. ट्रॉलीत बसायच्या न्हाईत परत. नवं कधी हुईल?"

"मंगळवारी. मीच लावून ट्रॅक्टर इथं आणून देईन. नवीन एक्सल, दोन्ही."

"मंगळवारपत्तोर मेथी थांबती का?" ती म्हणाली.  "मोप बोलून झालं. एक पाटी उचला. टेंपो यायच्या आत दोन फेऱ्या हायेत."

सत्तेचाळीस वर्षांत डोक्यावर भाजी घेतली नव्हती. एका बाईनं चुंबळ दिली, दुसरीनं पाटी चढवली, कोणीतरी मागं फिसकन हसलं. आम्ही ओळीनं निघालो. खाणीची कड आली तशी मी मान न हलवता खाली पाहिलं. सरळ तुटलेला काळा कातळ, खाली, फार खाली, हिरवं पाणी, त्यावर ऊन अजून पोचलेलं नव्हतं. वाटेवर तिच्या ट्रॉलीच्या चाकोऱ्या होत्या. उजवी चाकोरी कडेपासून वीतभर.

मी बांधाच्या अंगाला सरकलो आणि चालत राहिलो. पाटी रस्त्याच्या कडेला ठेवली, घाम पुसला आणि दुसरी आणायला माघारी फिरलो.